मॉनिटरवर लावायची पट्टी-दिनदर्शिका घरी कशी छापावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉनिटरच्या कडेवर लावायची, एका ओळीत पूर्ण महिना दाखवणारी कागदाची पट्टी. ऑफिसात किंवा घरी कुणी ती पाहिली की फाइल मागतात, आणि फाइल मिळाली की प्रश्न सुरू होतात: छापल्यावर लहान का आली, सण कुठे टाकू, पातळ कडेच्या मॉनिटरवर लावू कशी. वारंवार येणारे ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि उदाहरणाला २०२६ हे वर्ष घेतलं आहे.

संगणकात कॅलेंडर असताना कागदाची पट्टी कशाला?

कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं की महिना दिसतो हे खरं. पण तो उघडावा लागतो, आणि दुसरीकडे क्लिक केलं की मिटतो. फोनवर समोरचा माणूस ‘वीस तारखेपर्यंत देता का?’ असं विचारत असतो, स्क्रीन कुणाला तरी शेअर केलेली असते, किंवा समोर पूर्ण पडदाभर ड्रॉइंग उघडलेलं असतं. अशा वेळी नजर दोन इंच वर किंवा खाली नेली की काम झालं पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. चौकोनी कॅलेंडरात महिना पाच-सहा ओळींत तुटतो. बुधवारी १४ तारखेला बसून पुढचा मंगळवार सोडून त्यानंतरच्या मंगळवारी, २७ तारखेला काम द्यायचं असेल, तर डोळ्यांना दोन ओळी उतरून उलटं मागे यावं लागतं. पट्टीवर १४ आणि २७ एकाच ओळीत असतात. मधलं अंतर सरळ दिसतं, त्यात पडणारे शनिवार-रविवार दिसतात, बोट ठेवून मोजता येतं. पट्टी ही दिवस मोजायची वस्तू आहे. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीवरून ठरली आहेत.

पट्टीवर काय काय असावं?

महिन्याचं नाव, तारीख, वाराचं अक्षर, रविवारची वेगळी छटा आणि सुट्टीची खूण. बाकी काही नको.

दूध किती घेतलं, गॅसचा सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याचे पैसे कधी दिले, यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ मराठी घरांत इतकं रुळलं, त्यात या मोकळ्या चौकटींचाही वाटा आहे असं मला वाटतं. पट्टीत ती जागा नाही, आणि ती ओढूनताणून काढायलाही जाऊ नये. नऊ मिलिमीटरच्या घरात तिथी, नक्षत्र, वाढदिवस असं सगळं कोंबलं की लांबून काहीच वाचता येत नाही आणि मोजण्याची सोयही जाते.

माप नेमकं किती घ्यावं?

इथे घाई करू नका. आधी मोजपट्टी घेऊन मॉनिटरची कड मोजा. वरची, खालची आणि बाजूची कड वेगवेगळी असते. नव्या मॉनिटरांना वर आणि बाजूला जेमतेम काही मिलिमीटरची कड असते, खालची पट्टी मात्र बहुधा रुंद असते.

मग कागद बघा. ए४ कागद २९७ × २१० मिमी असतो. तो आडवा धरला आणि प्रत्येक दिवसाला ९ मिमी दिले, तर ३१ दिवसांचे २७९ मिमी होतात. दोन्ही बाजूंना ९-९ मिमी उरतात. घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, त्यामुळे तेवढी जागा हवीच. उंचीला प्रत्येक पट्टी १५ मिमी धरली तर बारा पट्ट्या १८० मिमीत बसतात, वर-खाली १५-१५ मिमी उरतात. म्हणजे वर्षाच्या बारा पट्ट्या एकाच ए४ कागदावर येतात, आणि लागून असलेल्या दोन पट्ट्या एकाच कापात सुटतात.

कात्रीनं कापणार असाल तर पट्टी १४ मिमीची करून मध्ये २ मिमीची फट ठेवा. तरीही वर-खाली १० मिमी उरतात आणि हात थोडा हलला तरी शेजारच्या महिन्याला धक्का लागत नाही.

१५ मिमीची आतली वाटणी अशी: वर ४ मिमीच्या ओळीत महिन्याचं नाव, मध्ये ५ मिमीत वाराचं अक्षर, खाली ६ मिमीत तारीख. आपण स्क्रीनपासून साधारण हातभर अंतरावर बसतो. तिथून तारखेचा अंक १२ ते १४ पॉइंटचा असेल तर चष्म्यासकट किंवा चष्म्याशिवाय नीट वाचता येतो. त्याखाली जाऊ नका.

माझा मॉनिटर मोठा आहे. दोन महिने शेजारी-शेजारी लावता येतील का?

येतील, आणि महिनाअखेरीला त्याचा फार उपयोग होतो. २४ इंची, १६:९ प्रमाणाच्या मॉनिटरचा पडदा साधारण ५३१ मिमी रुंद असतो. दिवसाचं घर ८.५ मिमी केलं तर ३१ दिवसांचे २६३.५ मिमी होतात. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की ५२७ मिमी, म्हणजे जवळजवळ काठोकाठ. २७ इंचीवर (रुंदी सुमारे ५९८ मिमी) ९ मिमीच्याच दोन पट्ट्या आरामात मावतात. २१.५ इंचीची रुंदी सुमारे ४७६ मिमी असते. तिथे दोन महिने बसवायला घर साडेसात मिमीवर आणावं लागतं.

ज्यांचं काम तिमाहीवर चालतं त्यांच्यासाठी ९२ दिवसांची सलग पट्टीही होते. घर ५.७ मिमीचं, एकूण लांबी ५२४ मिमी, छापताना ४६-४६ दिवसांचे दोन तुकडे. अंक लहान येतात, त्यामुळे अशा पट्टीत प्रत्येक तारीख न छापता सोमवारचीच तारीख छापावी आणि बाकी दिवसांना नुसत्या रेघा द्याव्यात. आठवडे मोजायला तेवढं पुरतं.

उभी पट्टी करावी की आडवी?

बाजूची कड रुंद असेल तर उभी चालेल. ८ मिमीच्या घरानं ३१ दिवसांचे २४८ मिमी होतात आणि २४ इंची मॉनिटरची उंची सुमारे २९९ मिमी असते. पण काळ डावीकडून उजवीकडे सरकताना पाहण्याची डोळ्यांना सवय असते. जागा असेल तर आडवीच करा.

एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये फाइल कशी बनवायची?

पट्टीची एक गंमत आधी लक्षात घ्या. चौकोनी कॅलेंडरात दर महिन्याला तारखांची जागा बदलते. पट्टीत तारखा जागच्या जागी राहतात, १ पहिल्या घरात आणि ३१ शेवटच्या घरात. बदलतात ते फक्त वार. त्यामुळे काम निम्म्यावर येतं.

दोन शीट घ्या. पहिली हिशेबाची. तिच्यात एका सेलमध्ये वर्ष लिहा. एका आडव्या ओळीत १ ते ३१ इंग्रजी अंकांत लिहा आणि एका उभ्या ओळीत १ ते १२ महिने. शेजारी सात वारांची अक्षरं एकाखाली एक: सो, मं, बु, गु, शु, श, र.

दुसरी शीट छापायची. तिच्यात ३१ कॉलम, प्रत्येक महिन्याला तीन ओळी. तारखेच्या ओळीत मराठी अंक एकदाच हातानं टाइप करा आणि बाराही महिन्यांत कॉपी करा. वाराच्या ओळीत फॉर्म्युला येतो: ‘डेट’ फंक्शनला वर्ष, महिना, दिवस द्या, त्याचा वार ‘वीकडे’ फंक्शननं काढा (प्रकार २ दिला की सोमवारला १ आणि रविवारला ७ मिळतो) आणि तो आकडा ‘इंडेक्स’ला देऊन वाराचं अक्षर उचला. एका घरात जमलं की बाकी सगळीकडे ओढा. वर्ष आणि महिन्याच्या सेलला डॉलरच्या खुणेनं बांधून ठेवायला विसरू नका, नाहीतर ओढताना पत्ते घसरतात.

आता सांभाळायची जागा. ३० फेब्रुवारी अशी तारीख दिली तर ‘डेट’ फंक्शन चूक दाखवत नाही. ते पुढे मोजत जातं आणि २०२६ साठी सरळ २ मार्च धरतं. त्यामुळे तीस दिवसांच्या महिन्यांत ३१ वं घर आणि फेब्रुवारीत ३० व ३१ ही घरं हातानं रिकामी करा. २९ फेब्रुवारीसाठी मात्र ‘इफ’ लावा: मिळालेल्या तारखेचा महिना २ असेल तरच वार दाखव, नाहीतर मोकळं सोड. तारखेच्या ओळीतल्या २९ लाही तीच अट. म्हणजे २०२८ च्या लीप वर्षाला फाइलला हात लावावा लागणार नाही.

रविवारची छटा ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’नं द्या. हलका राखाडी पुरे. गडद रंगावर पेननं केलेली खूण दिसत नाही.

कॉलमची रुंदी ९ मिमी करायला लिब्रेऑफिस कॅल्क सोपं, तिथे माप सरळ सेंटिमीटरमध्ये देता येतं. एक्सेलमध्ये आधी ‘पेज लेआउट’ दृश्यात जा, तिथे ०.९ सेंमी लिहिता येतं. साध्या दृश्यात रुंदी अक्षरांच्या हिशेबात असते आणि कधीच नेमकी जुळत नाही. ओळींची उंची पॉइंटमध्ये लागली तर ४ मिमी म्हणजे ११.३, ५ मिमी म्हणजे १४.२ आणि ६ मिमी म्हणजे १७ पॉइंट.

गूगल शीट्समध्ये होईल का?

फॉर्म्युले तसेच चालतात. पण कॉलमची रुंदी पिक्सेलमध्ये असल्यानं छापील माप जुळवायला बरीच खटपट होते. तिथे बनवून एक्सेलच्या स्वरूपात उतरवून घ्या आणि मापं लिब्रेऑफिसमध्ये पक्की करा.

छापल्यावर पट्टी लहान येते. असं का?

जवळजवळ नेहमी कारण एकच असतं: छापताना ‘फिट टू पेज’ हा पर्याय निवडलेला असतो. प्रिंटर पानाला स्वतःच्या समासात बसवायला तीन-चार टक्क्यांनी आकसवतो. वाचायच्या कागदपत्राला त्यानं फरक पडत नाही. इथे २७९ मिमीची पट्टी २७० मिमीवर येते आणि दोन महिने जोडताना मध्ये फट पडते. ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा ‘१०० टक्के’ निवडा.

दुसरं कारण कागदाची निवड. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ ऐवजी ‘लेटर’ राहिलेला असतो. हे फाइलमध्ये, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये आणि पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असं तिन्हीकडे बघावं लागतं.

खात्रीचा उपाय म्हणजे पानाच्या रिकाम्या समासात बरोबर १०० मिमीची रेघ ठेवायची. पहिला कागद साधा, काळ्या शाईत छापायचा आणि ती रेघ स्टीलच्या पट्टीनं मोजायची. ९७ मिमी भरली तर पट्टी ९७ टक्क्यांवर छापली गेली हे तिथेच कळतं. चांगला कागद त्यानंतर घाला.

झेरॉक्सच्या दुकानात छापणार असाल तर फाइल पीडीएफ करून न्या, फॉन्ट आत बसवलेला असू द्या, आणि ‘शंभर टक्क्यांवर काढा, फिट करू नका’ असं आधी सांगा. एक्सेलची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन तिथल्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो आणि सगळी घरं हलतात.

मी अमेरिकेत राहते. इथे ए४ कागद सहज मिळत नाही. काय करू?

लेटर कागदाची लांबी २७९.४ मिमी, म्हणजे आपली ९ मिमीवाली पट्टी त्यावर काठोकाठ जाते आणि कडा छापल्या जात नाहीत. घर ८.५ मिमी करा. २६३.५ मिमीची पट्टी होते आणि दोन्ही बाजूंना जवळपास ८ मिमी उरतात. हेच माप ए४ वरही चालतं, म्हणून इकडच्या आणि तिकडच्या घरांत एकच फाइल फिरवायची असेल तर सुरुवातीपासून ८.५ मिमीच धरा.

मराठी अंक घ्यावेत की इंग्रजी? फॉन्ट कोणता?

आपल्या घरासाठी मी मराठीच अंक घेईन. ऑफिसात मराठी न वाचणारे सहकारी त्याच पट्टीकडे बघत असतील तर इंग्रजी.

फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्त, नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही विनामूल्य आहेत आणि लहान मापात स्वच्छ दिसतात. जुन्या डीटीपीच्या फाइली बहुधा श्रीलिपीसारख्या यंत्रणांतल्या असतात. त्यातला मजकूर सरळ उचलून टाकला तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, तो पुन्हा टाइप करणंच बरं.

बारीक पण महत्त्वाची गोष्ट ‘श’ची. पट्टीवर ‘शु’ आणि ‘श’ दर आठवड्याला येतात. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणाचा ‘श’ आणि ‘ल’ दोन्ही असतात, आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच मराठी वळण दिसतं. निवडलेल्या सेलची भाषा एकदा मराठी करून बघा. जुलै आणि एप्रिलमधला ‘ल’ही त्यासोबत सुधारतो.

अंक छापून लांबून बघा. बारीक मापात १ आणि ९, ५ आणि ४ एकमेकांसारखे वाटत असतील तर फॉन्ट बदला किंवा एक पायरी ठळक करा.

सण, संकष्टी, एकादशी कशी दाखवू?

ठिपक्यानं. सुट्टीच्या दिवशी घराला चौकट, सणाला तारखेखाली भरीव ठिपका, संकष्टीला पोकळ ठिपका. नावं लिहायला वर महिन्याच्या ओळीत जागा आहे. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटचं एक घर मोकळं असतं आणि फेब्रुवारीत तीन घरं, म्हणजे २७ मिमी. तिथे खुणांची सूची मावते.

या तारखा फॉर्म्युल्यानं काढायला जाऊ नका. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या १२ अंशांच्या अंतरावरून ठरते आणि चंद्राचा वेग सारखा नसल्यानं ती कधी सुमारे १९ तासांची असते, कधी २६ तासांची. एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते, एखादी एकाही सूर्योदयाला नसते. ‘आधीचा सेल अधिक १’ हे गणित तिथे लागू पडत नाही. घरी जे पंचांग किंवा कॅलेंडर मानत असाल त्यातून बघून हातानं भरा.

२०२६ साली गुढीपाडवा गुरुवारी १९ मार्चला, गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढचे सण आदल्या वर्षापेक्षा उशिरा येतात. मागच्या वर्षीच्या फाइलमधल्या खुणा ‘अकरा दिवस अलीकडे’ सरकवून चालणार नाहीत, ते याचमुळे.

इंटरनेटवरून यादी उचलताना ती कोणत्या पद्धतीची आहे ते बघा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षाला दोन्हीकडे महिन्याचं नाव वेगळं असतं. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशीला, उत्तरेच्या पंचांगात फाल्गुनात. इंग्रजी तारीख एकच असते, पण मराठी महिन्याची नावं पट्टीवर घालणार असाल तर गोंधळ उडतो.

ईदची तारीख चंद्रदर्शनावर एक दिवस पुढेमागे होऊ शकते. तिथे तुटक रेघेची चौकट छापा आणि जाहीर झाल्यावर पेननं पक्की करा.

गोव्यातल्या वाचकांनी आपल्याकडच्या सुट्ट्या, म्हणजे ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन घालावा. म्हणून सुट्ट्यांची यादी हिशेबाच्या शीटवर स्वतंत्र ठेवलेली बरी, यादी बदलली की पट्टी बदलते.

शनिवारचं काय करायचं?

ज्याची जशी सुट्टी तशी छटा. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तिथले सगळे शनिवार रंगवा. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. त्याला सोपी अट आहे: वार शनिवार आणि तारीख ८ ते १४ किंवा २२ ते २८. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ मध्येच पडतो आणि चौथा २२ ते २८ मध्ये, महिना कुठलाही असो. बँकेशी रोज काम पडत असेल तर ही छटा घालाच, चेक भरायला निघण्याआधी पट्टी सांगते.

पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यांनी रविवार साधा ठेवून गुरुवार रंगवावा. पट्टी स्वतःच छापण्याचा हा खरा फायदा आहे, बाजारातल्या कॅलेंडरात गुरुवारला कुणी विचारत नाही.

आठवडा रविवारी सुरू करू की सोमवारी?

पट्टीत हा प्रश्न उरत नाही. रविवारच्या उजव्या अंगाला एक जाड उभी रेघ द्या.

हिशेबाचं काम आहे. कराच्या तारखा टाकू का?

जरूर टाका, कारण त्या जवळजवळ दर महिन्याला त्याच घरात येतात आणि पट्टीत ते घर जागचं हलत नाही. टीडीएस भरायची ७, मासिक जीएसटीआर-१ ची ११, जीएसटीआर-३बी ची २० या तीन घरांखाली रंगीत रेघ द्या. आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला वेगळा रंग. मुदती वाढल्याचं जाहीर होतं तेव्हा त्या वर्षापुरती खूण पेननं बदला, फाइलमध्ये मूळ तारीखच असू द्या.

अशा मंडळींनी बारा पट्ट्यांचं पान एप्रिल ते मार्च असं लावावं. हिशेबाच्या शीटवर जानेवारी, फेब्रुवारी, मार्चसाठी वर्षाच्या सेलमध्ये १ मिळवला की झालं.

युरोपातल्या क्लायंटशी काम आहे. ते ‘वीक ३८’ असं म्हणतात.

मग महिन्याच्या नावाच्या ओळीत प्रत्येक सोमवारवर आठवड्याचा क्रमांक बारीक छापा. ‘आयएसओ वीकनम’ हे फंक्शन तो देतं. या पद्धतीत वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा पहिला. १ जानेवारी २०२६ गुरुवारीच आहे, त्यामुळे पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ च्या सोमवारी सुरू होतो आणि २०२६ मध्ये आठवडे ५३ भरतात. वर्षअखेरीच्या डिलिव्हरीचं बोलताना हा त्रेपन्नावा आठवडा दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला बरा.

कागद कोणता वापरू?

महिन्याला पट्टी बदलणार असाल तर साधा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. कडेला आधार नसेल, पट्टी थोडी हवेत उभी राहणार असेल तर १७० ते २५० जीएसएमचं कार्डशीट. घरच्या प्रिंटरला जाड कागद मागच्या ट्रेमधून सरळ जात असेल तरच घाला. आतून वळून जाणाऱ्या रस्त्यात तो अडकतो.

इंकजेटची शाई ओल्या हातानं पसरते आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेनं साधा कागद लाटेसारखा उठतो. तिथे लेझर प्रिंट घ्या. लेझरची एक अडचण म्हणजे घडीवर टोनर तडकतो. घडीच्या रेषेवर काही छापू नका.

लॅमिनेशन करावं का?

वर्षभर एकच पट्टी राहणार असेल आणि मार्करनं खुणा करून पुसायच्या असतील तरच. आधी पट्ट्या कापा, पाऊचमध्ये अंतर सोडून मांडा, लॅमिनेट करा आणि मग चहूबाजूंनी २-३ मिमी प्लास्टिक ठेवून कापा. कागदाच्या काठाला लागून कापलं तर तिथून ओल शिरते. चकचकीत पाऊचवर ट्यूबलाइटचा झोत पडतो आणि नेमकी आजची तारीख दिसत नाही, म्हणून मॅट मागा.

चिकटवू कशानं? डाग पडता कामा नये.

मास्किंग टेप किंवा ब्लू टॅकच्या गोळ्या. साधा सेलोटेप काही महिन्यांत पिवळा पडून त्याचा चिकट थर मागे राहतो, आणि फोमचा दुहेरी टेप काढताना तुकड्या-तुकड्यानं निघतो. पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवायची गरज नसते. दोन टोकं आणि मधला एक बिंदू पुरतो.

कुठे लावू नये, हे आधी बघा: पडद्याच्या काचेवर किंवा त्यावरच्या मॅट थरावर, कॅमेऱ्यावर, बटणांवर, आणि मागच्या-वरच्या बाजूला गरम हवा जायच्या ज्या फटी असतात त्यांवर. जुना डाग काढताना कपड्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त प्लास्टिकच्या कडेवर फिरवा, तेही आधी मागच्या कोपऱ्यात बघून. पडद्यापर्यंत ते जाऊ देऊ नका.

कड फक्त पाच मिलिमीटरची आहे. मग?

पट्टीच्या खाली १० मिमीची जादा कड सोडून छापा, ती काटकोनात मागे दुमडा आणि मॉनिटरच्या वरच्या सपाट भागावर चिकटवा. पट्टी पडद्याच्या वर उभी राहते. कार्डशीट दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेननं आणि मोजपट्टीनं घडीची रेघ दाबून घ्या, घडी सरळ बसते. उंची वाढल्यामुळे एका ए४ वर बाराऐवजी सात पट्ट्या येतात, दोन कागद लागतात. वर वेबकॅम बसवला असेल तर तिथे खाच कापण्यापेक्षा पट्टी डावीकडे सरकवा.

दुसरी जागा म्हणजे मॉनिटरचा पाया किंवा टेबलाची समोरची कड. वक्र मॉनिटरवर साधा कागद आपोआप वळतो, लॅमिनेट केलेली पट्टी मात्र टोकांनी सुटते.

लॅपटॉपवर लावली तर?

पडद्याच्या कडेवर लावू नका. झाकण मिटल्यावर पडदा आणि कीबोर्ड यांच्यात फारच थोडी जागा असते. ॲपलनं २०२० मध्ये कॅमेऱ्यावरच्या झाकणांबद्दल इशारा देताना, छापायच्या साध्या कागदाइतकी म्हणजे ०.१ मिमीच जाडी चालेल असं म्हटलं होतं. ८० जीएसएमचा एक थर त्या मर्यादेत येतो, पण वर टेप आला की ओलांडतो, आणि लॅमिनेशन तर कितीतरी जास्त. पडदा बदलायचा खर्च लक्षात घेता ही जोखीम घेऊ नये. कीबोर्डच्या खाली तळहात टेकतो त्या भागावरही नको, कारण झाकण मिटल्यावर पडदा तिथेच टेकतो. लॅपटॉप स्टँडवर ठेवत असाल तर स्टँडच्या समोरच्या ओठावर पट्टी छान बसते.

आजची तारीख कशी ओळखायची? रोज खोडत बसायचं का?

खोडू नका, गेलेले दिवसही मोजायला लागतात. ‘मागच्या मंगळवारी पाठवलं होतं’ याची तारीख शोधायची असते तेव्हा काट मारलेली पट्टी निरुपयोगी होते.

पारदर्शक ओएचपी शीटची १० मिमी रुंद फीत कापा, तिच्या मधोमध लाल परमनंट मार्करनं उभी रेघ ओढा, पट्टीभोवती सैलसर गुंडाळून मागे टेपनं जोडा. पट्टी फक्त टोकांना चिकटवलेली असेल तर हे कडं तिच्यावर सरकतं. सकाळी संगणक सुरू होईपर्यंत ते एक घर पुढे न्यायचं. असंच दुसरं, निळ्या रेघेचं कडं मुदतीच्या तारखेवर ठेवलं की दोन्ही कड्यांमधलं अंतर दर सकाळी एका घरानं कमी होताना दिसतं. दहावी-बारावीच्या मुलांच्या टेबलावर हे दुसरं कडं परीक्षेच्या पहिल्या पेपरवर लावून द्या.

ऑफिसात मशीनवर काही चिकटवायला मनाई आहे.

पट्टी कार्डशीटवर छापून मागे त्रिकोणी पाय दुमडा आणि मॉनिटरच्या पायथ्याशी उभी करा. रोज वेगळ्या टेबलावर बसणाऱ्यांनाही हीच सोयीची, २७९ मिमीची पट्टी लॅपटॉपच्या बॅगेत न दुमडता राहते.

पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करायचं का?

वर्षाचा सेल बदला, वार आणि छटा आपोआप बदलतील. तपासायला १ जानेवारी बघा: २०२७ मध्ये तो शुक्रवारी येतो. सण, संकष्टी आणि सुट्ट्यांची यादी मात्र नवी भरावी लागेल. वारांच्या बाबतीत २०२६ चं वर्ष २०१५ सारखंच आहे आणि २०३७ ला पुन्हा तसंच येईल, पण तिथ्या तशा जुळत नाहीत. नवीन यादी नोव्हेंबर-डिसेंबरात भरून ठेवा आणि डिसेंबरच्या पट्टीशेजारी जानेवारीची पट्टी १५ डिसेंबरच्या सुमारासच लावून टाका, कारण त्या दिवसांत दिल्या जाणाऱ्या बहुतेक तारखा पुढच्या वर्षातल्या असतात.